टस्कीगीची गाडी

दिसायला ती देखणी नव्हती. चार चाकं, वर बोजड सांगाडा, पुढे खेचरं. अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत पोरांना सुतारकी, लोहारकी, गाडीकाम शिकवत. त्या पोरांच्याच हातची ती. एखादा फिरता बोहारी असावा तशी लांबून दिसायची. जवळ आली की तिच्या अंगावरचं सामान ओळखू यायचं, आणि मग मात्र माणूस बुचकळ्यात पडायचा. पोलादी नांगर, दात्यांचा कुळव, कोळपं, पेरणीचं यंत्र इथवर ठीक. पण त्याला खेटून लोणी काढायचं फिरतं घुसळण, लोण्याचा साचा, साय वेगळी करायचं यंत्र, दूध तपासायच्या बाटल्या, कोंबड्यांचं खुराडं, गुंडाळलेले तक्ते. शेत आणि स्वयंपाकघर एकाच गाडीत. शेतीचं खातं निराळं, आहाराचं निराळं, बायांचं आणखी निराळं अशी वाटणी तिला ठाऊक नव्हती. ज्या घरांपुढे ती उभी राहायची, त्या घरांनाही ती ठाऊक नव्हती. बाई सकाळी कापूस खुरपायची आणि दुपारी त्याच हातांनी मक्याची भाकर थापायची.

तिचं नाव जेसप वॅगन. 1906 च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा रस्त्याला लागली.

तिला माहेरं दोन. कल्पना बुकर टी. वॉशिंग्टन यांची. टस्कीगीची संस्था काढणारे, गुलामीत जन्मलेले, पैशाला पैसा कसा जोडायचा आणि गोऱ्या धनिकाशी कसं बोलायचं हे पक्कं जाणणारे. आराखडा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा. हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली आलं आणि तेव्हापासून मराठी घरांत कार्व्हर हा जवळपास आपल्यातलाच माणूस झाला. त्यामुळे ही गाडी म्हटली की कार्व्हरच तिच्यावर बसून खेचरं हाकताहेत असं चित्र आपोआप उभं राहतं. तसं नव्हतं. गाडी यायच्या आधी शनिवार-रविवारी ते स्वतः बग्गी घेऊन आसपासच्या वस्त्यांवर जात, हे खरं. जेसप वॅगन हाकली ती मात्र दुसऱ्यांनी. पहिल्या उन्हाळ्यात जॉर्ज ब्रिजफोर्थ नावाचे त्यांचेच सहकारी तिच्यावर होते. या दोघांचं पुढे फारसं पटलं नाही. मोठी माणसं एका आवारात राहिली की असं होतंच.

पैसा दिला न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांनी. बँकर माणूस. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे ते अध्यक्ष होते, आणि रॉबर्ट पिअरींच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमांनाही त्यांनी मदत केली होती. म्हणून ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेच्या टोकाला केप मॉरिस जेसप असं नाव आहे. एकाच माणसाचं नाव बर्फातल्या निर्मनुष्य टोकाला आणि अलाबामाच्या तांबड्या मातीतल्या खेचरगाडीला. दोन्हींतलं कोणतं दान जास्त उपयोगी पडलं याबद्दल माझं मत पक्कं आहे.

गाडी निघाली कारण माणसं शाळेत येऊ शकत नव्हती. टस्कीगीत 1892 पासून शेतकऱ्यांची परिषद भरे. लांबून लांबून माणसं येत. नंतर थंडीच्या दिवसांत शेतीचा छोटा अभ्यासक्रमही सुरू झाला. पण येणार कोण? ज्याच्याकडे यायला जनावर आहे, अंगावर धड कपडे आहेत आणि दोन दिवस रान सोडून चालतं, तो. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो येतच नव्हता. ही अडचण आपल्या कुठल्याही कृषी प्रदर्शनात आजही बघायला मिळते: मंडपात बागायतदार, आणि कोरडवाहूवाला गावी. वॉशिंग्टन यांनी 1904 च्या अखेरीपासून चाकांवरच्या शाळेचा विषय लावून धरला. कार्व्हरनी कागदावर गाडी काढून दिली, कोणकोणत्या विषयांचे तक्ते लागतील तेही सांगितलं.

ती जिथं फिरायची तो मेकन काउंटीचा आणि आसपासचा मुलूख कापसाचा. दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. शेत मळेवाल्याचं, कसणारा काळा बटईदार. बी, खत, खेचर, पीठ, कापड सगळं मळेवाल्याकडून नाहीतर दुकानदाराकडून उधार, आणि ती उधारी उभ्या पिकावर. हंगामाच्या शेवटी कापूस काट्यावर जायचा आणि वही उघडायची. वही लिहिणारा एक, वाचता न येणारा दुसरा. दुकानदाराला कापूसच हवा, कारण कापूस बाजारात चटकन पैसा होतो आणि शेतकऱ्याला तो खाता येत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या वाचकाला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

गुलामी 1865 साली कायद्याने संपली होती. ती संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांच्यासमोर होता आपल्याकडचा कर्जात बुडालेला कुणबी. अलाबामात ही दोन्ही पुस्तकं एकाच माणसाच्या अंगावरून गेली असती: बेडी सुटलेली आणि वही गळ्यात पडलेली. ‘असूडा’च्या शेवटी उपाय सांगताना जोतीरावांनी शेतीची प्रदर्शनं भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, चांगल्या शेतकऱ्याला बक्षिसं द्यावीत असं सुचवलं आहे. टस्कीगीच्या गाडीची त्यांना गंमत वाटली असती.

आता खाण्याचं. दक्षिणेतल्या गरिबाच्या ताटात तीनच जिन्नस: मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराच्या पाठीची खारवलेली चरबी. पोट भरे, अंगाला मात्र काही लागत नसे. याच भागात पेलाग्रा पसरला. उन्हाला उघडी असलेली कातडी काळवंडून सोलपटते, जुलाब लागतात, शेवटी डोकं ताळ्यावर राहत नाही. कित्येक डॉक्टरांना तो संसर्ग वाटे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 नंतर दाखवून दिलं की हा जंतूंचा नाही, ताटाचा रोग आहे. नेमकं काय कमी पडतं ते कळायला 1937 उजाडावं लागलं. ते नायसिन निघालं. (पेलाग्रा आपल्याला अगदी परका नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच भागवणाऱ्यांत तो आढळे, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमाराला त्याचा अभ्यास केला.)

गाडीला यातलं रसायनशास्त्र माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिच्याकडे चवळी होती. कार्व्हर चवळीचे भक्त. कापसाने खंगलेल्या जमिनीत चवळी घाला, जमीन सुधारेल, शेंगा खा, पोरं सुधारतील, पाला जनावराला. एकाच बियात रान, माणूस आणि जनावर. रताळ्याचं तसंच, भुईमुगाचंही. त्यांच्या पत्रिका वाचल्या की एक शिस्त दिसते: लागवड कशी करायची ते शेतकऱ्याला, झाडाची माहिती शिक्षकाला, आणि करून खायचं कसं ते बाईला. भुईमुगाच्या 1916 च्या पत्रिकेत खाण्याचे 105 प्रकार आहेत. पीक घ्या म्हणायचं आणि त्याचं करायचं काय ते सांगायचं नाही, हा आपल्या योजनांचा आवडता छंद त्यांना माहीत नसावा.

तिचा स्वभाव कळायचा तो ती दारात आल्यावर. चांगलं घर, रस्त्यालगतचं, फोटोला बरं दिसेल असं शोधायची तिला सवय नव्हती. कुणाचंही साधं घर धरायचं. पायरी मोडलेली, कुंपण झुकलेलं, परसात तण. आजूबाजूच्यांना निरोप गेलेला असे. गडी एकीकडे, बाया दुसरीकडे, पोरं सगळीकडे. मग त्या घराचंच काम काढायचं. नांगर उतरवून घरामागचा तुकडा खोल नांगरायचा, मोडकी पायरी ठोकायची, भिंतीला सफेदी करायची. चुना विकत आणायला पैसे नसतील तर तिथल्याच रंगीत मातीचा हात. अलाबामाच्या मातीतून भिंतीचे रंग कसे करायचे हे कार्व्हरनी शोधून ठेवलं होतं. गेरू आणि पांढऱ्या मातीत हात घातलेल्या आपल्या आज्ज्यांना यात नवल वाटलं नसतं. जमलेल्यांनी नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. संध्याकाळी गाडी निघे तेव्हा त्या घराचं काहीतरी झालेलं असे, आणि जमलेल्या प्रत्येकाला ते कसं झालं हे माहीत असे.

पोलादी नांगरावर माणसं सहज विश्वास ठेवत नसत. आपल्याकडे त्याच सुमाराला, 1903 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून तो कुणी घेईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. मेकन काउंटीतली अडचण थोडी निराळी. तिथं बहुतेकांची शेती एका खेचराची, आणि गाडीवरचा मोठा नांगर जोडीचा. जमीन वरवर ओरबाडायची, पावसाने माती वाहून जायची, पुढल्या वर्षी कापूस आणखी खुरटा. खोल नांगरून दाखवलं तर फरक डोळ्यांना दिसतो. पण दुसरं खेचर आणायचं कुठून? शेजाऱ्याचं मागायचं. म्हणजे नांगराच्या आधी शेजार शिकवावा लागतो. अंगणातली जमवाजमव त्याचसाठी कामाला यायची, असं मला वाटतं.

मला तिच्या सामानात सगळ्यात आवडतात त्या दुधाच्या बाटल्या. दुधातलं फॅट मोजायची बॅबकॉकची पद्धत तेव्हा अमेरिकेत सगळीकडे झाली होती. विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉकनी ती 1890 मध्ये काढली आणि पेटंट घेतलं नाही. बाटलीला लांब, बारीक मान. आत 17.6 मिलिलिटर दूध घालायचं, मग जवळपास तेवढंच गंधकाम्ल, हळूहळू, बाटली तिरपी धरून. दूध आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळपट होत जातं, आणि बाटली एवढी तापते की हातात धरवत नाही. त्या बाटल्या चक्रात बसवायच्या आणि दांडा गरागरा फिरवायचा. थांबवून गरम पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचं. आता फॅट वर येतं आणि त्या बारीक मानेत जाऊन बसतं: सोनेरी, स्वच्छ, काठाला रेघा आखलेल्या. रेघा मोजा. झालं.

आपल्याकडे डेअरीवर दूध घालून आलेल्याला घरचे आधी विचारतात, ‘फॅट किती लागलं?’ त्या अंगणात हा प्रश्न नवा होता. गाय बरी आहे की नुसती खाते, दुधात पाणी पडलंय का, याचा निवाडा आजवर मालक करायचा, गवळी करायचा, व्यापारी करायचा. आता काचेत एक रेघ होती आणि ती कुणालाही दिसत होती. ज्याला वही वाचता येत नाही त्यालाही रेघा मोजता येतात. गाडी उघडपणे वहीविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. बोलू शकतही नव्हती. मळेवाल्याने हाकलून दिलं असतं, आणि वॉशिंग्टन यांचं सगळं धोरणच गोऱ्यांना न दुखवता पुढे सरकायचं. पण मोजायला शिकलेला माणूस एका ठिकाणी मोजून थांबत नाही.

इथं तिची बाजू घेताना हात आखडता घ्यावा लागतो. घरामागच्या तुकड्यात चवळी लावा, हे बटईदाराला सांगणं सोपं. तो तुकडा त्याचा असेल तर. पुष्कळदा नसे. कोंबड्या पाळा, पण जागा सोडून पुढच्या वर्षी दुसऱ्या मळ्यावर जायचं असेल तर सफेदी कुणाच्या भिंतीला केली? जमिनीची मालकी, पिकावरची उधारी, मतदानाचा हिरावलेला हक्क यांतलं काही तिच्या सामानात नव्हतं, आणि तिच्यावर बसलेल्यांना तसं काही भरताही आलं नसतं. वॉशिंग्टन यांच्यावर त्यांच्या हयातीतच यावरून टीका झाली, आणि ती वाजवी होती. तरी ज्या घरी पोर पेलाग्राने खंगतंय त्या घराने आधी राज्यघटना दुरुस्त व्हायची वाट बघावी, असं मला म्हणवत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांवर माणसं तिने गाठली. ब्रिजफोर्थ यांच्यानंतर, 1906 च्या नोव्हेंबरात, तिचा लगाम टॉमस मनरो कॅम्बेल यांच्या हाती आला. तेविशीतला तरुण, जॉर्जियातल्या कुळाचा मुलगा, टस्कीगीत काम करून शिकलेला. अमेरिकेच्या केंद्रीय शेती खात्याने नेमलेला हा पहिला काळा विस्तार कार्यकर्ता. खात्याच्या वतीने हे काम पाहणारे सीमन नॅप यांचं म्हणणं एवढंच होतं की शेतकऱ्याला व्याख्यान देऊ नका, त्याच्याच शेतात त्याच्याच हाताने करवून घ्या. टस्कीगीची गाडी ते आधीपासूनच करत होती, म्हणून दोघांचं जमलं. कॅम्बेल यांनी या कामाचा वृत्तांत पुढे 1936 मध्ये पुस्तकात लिहिला.

आपल्याकडच्या चित्ररथाचं इथं वाईट वाटतं. फ्लेक्स चढवलेला, भोंगा लावलेला चित्ररथ गावात येतो, डांबरी सोडत नाही, गाणं वाजवतो, पत्रकं फेकतो आणि चहाच्या आत पुढच्या गावाला लागतो. त्यातून कुणी खाली उतरून कुणाचं कुंपण बांधल्याचं ऐकिवात नाही. आमच्या कृषी सहाय्यकांचा आणि अंगणवाडीताईंचा यात दोष नाही. त्यांच्या डोक्यावर अहवालांचं ओझंच एवढं की उतरायला फुरसत कुठली. पण दोघं एकाच गावात, एकाच घरात, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे रकाने भरून जातात. टस्कीगीच्या गाडीला रकाने नव्हते, हे तिचं नशीब.

रकाने यायचे होतेच. 1914 साली स्मिथ-लीव्हर कायदा झाला, विस्तार सेवा देशभर पसरली, केंद्राचा पैसा आला. दक्षिणेत तो गोऱ्यांच्या शेती कॉलेजांकडे गेला, अलाबामात ऑबर्नकडे. काळ्या कार्यकर्त्यांना पगार कमी, वर गोरा वरिष्ठ. मेकन काउंटीतून निघालेली कल्पना सगळ्या देशाची झाली आणि तिच्या मूळ मालकांना मागच्या दाराने आत घेतलं गेलं.

मधल्या काळात कापसाची बोंडं पोखरणारा सोंडकिडा टेक्ससमधून सरकत 1910 मध्ये अलाबामात पोचला होता. कार्व्हर, चवळी, भुईमूग यांची टिंगल करणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली. त्याच राज्यातल्या एंटरप्राइज या गावाने तर 1919 मध्ये किड्याचं स्मारकच उभारलं, कारण त्याच्यामुळे गाव भुईमुगाकडे वळलं आणि तरलं. किड्याचं स्मारक चौकात उभं राहिलं. गाडीला तेवढं भाग्य लाभलं नाही.

1918 मध्ये खेचरं सुटली आणि मोटारट्रक आला. त्याला नाव सीमन नॅप यांचं. आता नांगराबरोबर घरकाम शिकवणारी बाई कायमची बरोबर असे, आणि 1920 पासून नर्सही. युवा हेस्टर ही पहिली. शेतीची गाडी म्हणून माणसं जमायची आणि नर्सच्या हाती सापडायची. तान्ह्याला आंघोळ कशी घालायची, अंथरुणाला खिळलेल्याची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, माश्या अन्नापासून लांब कशा ठेवायच्या. डॉक्टर मैलोन् मैल नसलेल्या वस्त्यांवर ट्रकच दवाखाना होऊन बसला, आणि शेतीखात्याच्या कुणालाही ते आपलं काम नाही असं वाटलं नाही.

तो ट्रक थकल्यावर 1923 मध्ये तिसरा आला. त्यात विजेचा छोटा संच होता, चित्रपट दाखवायचं यंत्र होतं. पहिल्या गाडीवर बँकरचं नाव होतं, दुसऱ्या गाडीवर सरकारी अधिकाऱ्याचं. तिसरीचं नाव ‘बुकर टी. वॉशिंग्टन अ‍ॅग्रिकल्चरल स्कूल ऑन व्हील्स’. तिचे पैसे ना न्यूयॉर्कहून आले ना वॉशिंग्टनहून. अलाबामातल्या तीस हजारांवर काळ्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून पाच हजार डॉलर उभे केले. डोई सतरा सेंटही पडत नाहीत. दुकानदाराच्या वहीत ज्यांच्या नावापुढे उधारीच चढलेली असे, त्यांतल्या पुष्कळांनी ते भरले.